सहावी आणि सातवीच्या मधली भिंत

शनिवार, दुपारचे अडीच
शाळेसमोरच्या खोलीतून

ती. केरबामामा यांना,

आनंदराजचा वाकून नमस्कार. मामींनाही सांगा. तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? नांदेडच्या डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही गुडघ्याला बांधता, की अजून तो दुधाच्या किटलीच्या झाकणालाच आहे, हे खरं खरं कळवा. (मामींनी तुमच्या सूनबाईला, शिवकन्येला, फोनवर सगळं सांगितलंय, म्हणून खोटं कळवण्यात अर्थ नाही.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे. त्यातली शिवकन्या खुशाल आहे. माझं म्हणाल तर सकाळपासून मी एका जागी पाच मिनिटं बसलेलो नाही. एवढ्या चार ओळी लिहिताना तीनदा उठलो, खिडकीतून शाळेच्या मैदानाकडे बघून आलो आणि पुन्हा बसलो. शिवकन्या म्हणाली, बघून बघून विटा परत जागेवर चढणार आहेत का? पण विटांचं पुढे येईलच.

फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही "हाव, हाव, बरं" म्हणता आणि समोरच्याचं वाक्य अर्ध्यात असताना ठेवून देता. ही हकीकत अर्ध्यात ठेवण्यासारखी नाही. आमचे दयानंद सर (गणित आणि कवायत दोन्ही घेतात) उद्या सकाळी तुमच्याच हिमायतनगरला सासरवाडीला निघालेत, त्यांच्या हाती पत्र देतोय. ते दारात उभे राहतील. पत्र वाचून होईपर्यंत त्यांना चहा द्या.

तर सगळ्याचं मूळ म्हणजे इतिहास. माझा विषय भूगोल, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आमच्या शाळेत भूगोलाबरोबर इतिहास आपोआप येतो, जसं घर भाड्यानं घेतल्यावर घरमालकाचं कुत्रं येतं. आजवर मी इतिहास वाचून दाखवत होतो आणि पोरं शांतपणे झोपत होती, दोन्हीकडून तक्रार नव्हती. मागच्या वर्षी एक साहेब तपासणीला आले आणि त्यांनी वर्गाला विचारलं, दुसरं महायुद्ध कोणाकोणात झालं? सगळ्या वर्गानं वह्यांत डोकी खुपसली. शेवटी शिवम उभा राहिला (हा पोरगा उत्तर येवो न येवो, उभा राहतोच) आणि म्हणाला, "दोघांत, सर." साहेबांनी शिवमकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. आणि मला लातूरच्या प्रशिक्षणाला धाडलं.

तिथे तीन दिवस पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं, की इतिहास सांगू नका, मुलांना तो जगू द्या. प्रत्येक शिक्षकानं विसाव्या शतकातली एक घटना निवडायची, आठवड्याचा पाठ आखायचा आणि फोटोंसह अहवाल पाठवायचा. माझी एस.टी. नेमकी त्याच दिवशी वाटेत बंद पडली आणि मी पोचलो तोवर चांगल्या चांगल्या घटना गेल्या होत्या. दांडीयात्रा गेली होती, कारण मीठ सगळ्यांच्या घरात असतं. हैदराबाद मुक्तिसंग्राम चौघांनी मिळून घेतला होता. चंद्रावरची स्वारी एका मॅडमनी घेतली, त्यांच्याकडे पोराचं हेल्मेट होतं. राहिल्या दोन : जागतिक महामंदी आणि बर्लिनची भिंत. महामंदी पोरांना जगायला लावली असती, तर पालक म्हणाले असते, सर, हे आम्ही घरीच शिकवतो. म्हणून मी भिंत घेतली. मनात असंही आलं, की आपला मामा चाळीस वर्षं भिंती बांधतोय, थोडंफार आपल्याही हाताला येईल. (इथे मी पुन्हा उठून आलो. विटांवर एक शेळी चढलीय.)

पाठ आखण्यात दोन आठवडे गेले. त्या काळात मी कसा वागत होतो ते शिवकन्येला विचारा. म्हणे जेवताना मी भाकरी मधोमध मोडून दोन तुकड्यांमध्ये चटणीची रेघ ओढत होतो. सात वेळा लिहिलं, सात वेळा फाडलं. शेवटी सोमवारी मैदानाच्या मधोमध फक्कीची रेघ मारली. पूर्वेकडे सातवी, पश्चिमेकडे सहावी. सांगितलं, की जर्मनीतलं हे एक शहर होतं, महायुद्ध हरल्यावर त्याचे वाटे झाले, आणि पुढे १९६१ साली एका रविवारी लोक सकाळी उठून बघतात तर मधून तारा टाकलेल्या. आता ही रेघ कोणी ओलांडायची नाही. पोरं हाव म्हणाली आणि मधल्या सुट्टीत पकडापकडी खेळताना साठ पोरांनी ती रेघ पायांनी पुसून काढली. इतिहास वीस मिनिटांत संपला.

मंगळवारी मला अवदसा आठवली. शाळेत स्वयंपाकाची नवी खोली होणार म्हणून दीड वर्षापासून विटांचा ढीग पडून आहे. खोलीचा पत्ता नाही, विटा आहेत. मी मलप्पा सरांकडे गेलो. मलप्पा सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. उदगीरकडचे, फार सज्जन माणूस, निवृत्तीला सात महिने राहिलेत, आणि त्या सात महिन्यांत आयुष्यात काही घडू नये एवढीच त्यांची इच्छा. विटा वापरू का विचारलं, तर म्हणाले, "पाहू." मी त्याला परवानगी समजलो.

मामा, ती भिंत तुम्ही बघितली असती तर डोळ्याला रुमाल लावला असता. सातवीच्या तेवीस पोरांनी चार तासांत उभी केली. सांध्यावर सांधा, ओळंब्याचा पत्ता नाही, हातपंपाच्या डबक्यातला चिखल मसाला म्हणून. मधे पोट आलेली, टोकाला वाकडी. पण छातीएवढी उंच झाली! व्हरांड्यापासून तीन फूट अलीकडे पोरांचा उत्साह संपला, तिथे फट राहिली, तिची आम्ही चौकी केली. चौकीवर शिवमला उभं केलं. दयानंद सरांनी त्याला आपली शिट्टी दिली, आणि ही या गोष्टीतली पहिली मोठी चूक. चिठ्ठीवर कारण आणि माझी सही असल्याशिवाय कोणाला सोडायचं नाही, असा नियम मी केला. ही दुसरी.

कारण मुख्याध्यापकांची खोली पडली पूर्वेला आणि संडास पश्चिमेला. मलप्पा सरांना साखरेचा त्रास आहे, दर तासाला त्यांना जावं लागतं. पहिल्यांदा शिवमनं शिट्टी मारून त्यांना थांबवलं तेव्हा ते कौतुकानं हसले. म्हणाले, शाब्बास. चिठ्ठीवर कारण लिहिलं, "वैयक्तिक." शिवम म्हणाला, "वैयक्तिक चालत न्हाई, सर. नीट ल्ह्या." तिसऱ्या खेपेला ते हसले नाहीत. बुधवारी सकाळी, चौथ्या खेपेला, ते व्हरांड्यात येऊन मला म्हणाले, "आनंदराज, हे बर्लिन किती दिवस चालणार हो?"

मी म्हणालो, शुक्रवारपर्यंत. कारण मामा, पाठ रंगला होता! पोरं झोपत नव्हती. सहावीची पोरं भिंतीवरून चिठ्ठ्या टाकत होती, सातवीची त्या जप्त करत होती. एक जण गोणपाट पांघरून शेळी बनून निघून गेला आणि शिवमनं खऱ्या शेळीलाही चिठ्ठी मागितली. मी फोटो काढत हिंडत होतो. बारा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा पोरं मला रस्त्यात गाठून विचारत होती, "सर, पुढं काय झालं तिकडं?" मला वाटलं, जमलं आपल्याला.

मग बुधवारची मधली सुट्टी आली. सहावीत लुबना आहे, आणि तिचा थोरला भाऊ जीशान सातवीत. खिचडी शाळेत मिळते, पण त्यांची दादी, हुसेनबी, भाकरी-चटणीचा एक डबा देते आणि दोघं पायरीवर बसून तो खातात. डबा जीशानच्या दप्तरात असतो. चौकीवर शिवम, तो जीशानचा जिवलग दोस्त. तरी त्यानं चिठ्ठी मागितली. चिठ्ठीवर सही करणारा मी शिरूर अनंतपाळला बैठकीला गेलेलो. परत आलो तेव्हा मधली सुट्टी संपत आली होती. लुबना पश्चिमेला भिंतीला पाठ टेकून बसली होती, पुढ्यात खिचडी, तशीच. मी फटीतून पलीकडे गेलो, तर जीशान पूर्वेला, बरोब्बर तिच्या मागे, भिंतीला पाठ टेकून बसलेला, मांडीवर बंद डबा. मधे एका विटेचं अंतर. दोघांनाही माहीत नव्हतं की दुसरा तिथंच आहे.

मी शिट्टी काढून घ्यायला हवी होती. तेवढ्यात घंटा झाली, पोरं वर्गात गेली, आणि मी मनाशी म्हटलं, पाठाचा भाग आहे, दोनच दिवस राहिलेत. पण वर्गात बसवेना. फळ्यावर १९६१ लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. जीशान एरवी तोंड उघडत नाही. त्यानं हात वर केला.

"सर, तिकडं किती दिवस होती भिंत?"

"अठ्ठावीस वर्षं."

तो उभाच होता. मग म्हणाला, "रोज?"

मी म्हणालो, हो, रोज. तो खाली बसला. शिवम मान खाली घालून शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होता.

गुरुवारी सकाळी हुसेनबी स्वतः शाळेत आल्या. सत्तरीच्या पुढच्या आहेत, पण आवाज दयानंद सरांच्या शिट्टीपेक्षा वर जातो. दोन डबे माझ्या टेबलावर आपटले. "क्या मास्टर, आज तक एकच डबे में दो पोट्टे खाए. आज दो डबे भरी मैं. ये कैसी पढाई निकाले तुम?" मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बर्लिन समजावून सांगितलं. एका दिवसात शहर कापलं, कोणाची आई इकडे, कोणाची लेक तिकडे. त्या पदर कानामागे सारून ऐकत राहिल्या. "फिर? मिले क्या वो लोगां?" मी म्हणालो, मिळाले, अठ्ठावीस वर्षांनी. "सब मिले?" मी म्हणालो, नाही, सगळे नाही. काही जण भिंत ओलांडताना मेले, काही वाट बघून. त्यांनी दोन्ही डबे परत पिशवीत घातले आणि उठताना एवढंच म्हणाल्या, "तो फिर जल्दी गिराव."

म्हणून त्याच दिवशी मी पोरांना भिंत कशी पडली ते सांगितलं. तिकडच्या एका साहेबानं पत्रकारांपुढे कागद नीट न वाचता सांगून टाकलं, की आता लोकांना पलीकडे जाता येईल. कधीपासून, असं कोणीतरी विचारलं, तर तो कागद उलटापालटा करून म्हणाला, आत्तापासून, लगेच. झालं. लोक भिंतीकडे धावले, शिपायांना वरून काहीच हुकूम नव्हता, शेवटी त्यांनी वाट उघडली. पोरांचे डोळे एवढे मोठे झाले. मी जाहीर केलं, की उद्या तिसऱ्या तासाला आपणही पाडू.

पण दुपारी सरपंच सिंधुताई रस्त्यानं जाताना थांबल्या. त्यांना भिंत फार आवडली. गुरं शाळेत शिरतात म्हणून त्या तीन वर्षं कुंपणाच्या मागे लागल्या होत्या. मी म्हणालो, ताई, ही मैदानाच्या मधून आहे. त्या म्हणाल्या, असू द्या, अर्धं मैदान तरी वाचलं. त्यांनी असा कोन साधून फोटो काढला की ती खरोखर कुंपणाची भिंत वाटावी, आणि तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला : विद्यार्थ्यांच्या श्रमदानातून संरक्षक भिंत. (जीशान त्यात डाव्या कोपऱ्यात आहे, तो हसत नाहीय.) तासाभरात तालुक्याच्या साहेबांचं उत्तर, स्तुत्य उपक्रम, पुढील गुरुवारी प्रत्यक्ष भेट देतो. मलप्पा सर तडक माझ्या वर्गात आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सात महिने राहिले रे माझे. गुरुवारपर्यंत त्या भिंतीला हात लावू नको." त्यांचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना. शुक्रवारी सकाळी मी पोरांना सांगितलं, की भिंत एक आठवडा राहील, साहेब बघून गेले की पाडू. आरडाओरडा होईल असं वाटलं होतं. पोरांनी मुकाट वह्या उघडल्या. ते मला जास्त लागलं.

मधल्या सुट्टीत मलप्पा सर नेहमीप्रमाणे निघाले, जरा उशीरच झाला होता म्हणून घाईत. चौकीवर शिवम, त्याच्या मागे जीशान, फटीपलीकडे लुबना आणि अख्खी सहावी. जीशाननं विचारलं, "सर, पाडू का?" सरांनी काय ऐकलं ते त्यांनाच माहीत. "हो हो, आधी मला जाऊ द्या रे." शिवमनं विचारलं, "कधीपासून, सर?" आणि सर पळत पळत म्हणाले, "आत्ता, आत्ता!"

शिवमनं शिट्टी मारली. ती मी वर्गात ऐकली. पुढचं मी व्हरांड्यातून बघितलं, आणि खरं सांगतो मामा, थांबवायला म्हणून धावलो होतो पण पायऱ्यांवरच उभा राहिलो. साठ पोरं दोन्ही बाजूंनी भिडली. एवढं ऊन, एवढी धूळ, आणि कोणी कोणाला ढकलत नव्हतं, वीट वरून खाली हातोहात येत होती. मलप्पा सर बाहेर आले तेव्हा भिंत नव्हती. आधी ते हसले. मनापासून, पोट धरून. मग त्यांना गुरुवार आठवला आणि ते तिथेच विटांवर बसले.

काल संध्याकाळी विटा मोजायला गेलो तर शंभराच्या वर कमी. तिकडच्या लोकांनी भिंतीचे तुकडे आठवण म्हणून घरी नेले, असं मीच सांगितलं होतं. आता गावात घरोघरी अर्ध्या विटा आहेत. कोणाच्या टीव्हीवर, कोणाच्या देव्हाऱ्याशेजारी. सरपंचांच्या नातीनं तर आपल्या विटेवर तारीख घातलीय. मी परत मागायला गेलो तर ती म्हणाली, "सर, ही वीट न्हाई, इतिहास हाय." हुसेनबींनी दारातूनच नक्को म्हणून हात हलवला.

आज सकाळी एकच प्रश्न लिहायला दिला : भिंत का पडली? निम्म्या वर्गानं लिहिलं, मलप्पा सरांना घाई होती म्हणून. शिवम मात्र वही घेऊन टेबलाशी आला. हळू आवाजात म्हणाला, "सर, भित्ताडाजवळ उभं ऱ्हायला मला लई मजा आल्ती. हे पण लिहू का?" मी म्हणालो, ते पहिल्यांदा लिही. त्यानं पान भरून लिहिलंय. ते वाचल्यापासून मी हा असा उठतोय आणि बसतोय. यापुढे इतिहास नुसता वाचून दाखवणं जमेलसं वाटत नाही, आणि दुसरं काही करायची छाती होत नाही.

असो. मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा. उत्तराची घाई नाही.

आपला भाचा,
आनंदराज

ता. क. उत्तराची घाई नाही, पण तुमची आहे. गुरुवारी साहेब येताहेत आणि फोटोत भिंत आहे. मलप्पा सर काल रात्री जेवले नाहीत, त्यांच्या मंडळींनी शिवकन्येला सांगितलं. तेव्हा थापी आणि ओळंबा घेऊन सोमवारच्या गाडीनं निघा. नांदेडहून लातूर, लातूरहून शिरूर अनंतपाळ, तिथे मी गाडी घेऊन उभा राहीन. दोन दिवसांचं काम आहे. यावेळी भिंत पार व्हरांड्याला भिडवा, फट नको असं सरांचं म्हणणं आहे. पोरांची समजूत कशी काढायची, ते माझ्यावर सोडा. दयानंद सरांना चहा एवढ्यासाठीच द्यायला सांगितला, की तुमचं "हाव" घेऊनच त्यांनी उठावं.

ता. क. दुसरा. (संध्याकाळचे सहा.) पत्र पाकिटात घातलं होतं, ते फोडलं. आत्ता शिवम, जीशान आणि लुबना येऊन गेले. भिंत पुन्हा होणार हे त्यांना कळलंय (गावात काय लपतंय). मला वाटलं भांडायला आले. तसं नाही. मलप्पा सरांसाठी ते भिंत होऊ देणार आहेत, विटाही परत आणून देणार आहेत, पण मधोमध दार ठेवायचं या अटीवर. मी म्हणालो, मैदानाच्या टोकाकडून वळसा घालून जाता येतंय की. लुबना म्हणाली, "वळसा नको, सर. सरळ जायचंय." आणि गुरुवारी साहेबांनी, दार कशाला, असं विचारलं तर सगळं खरं सांगायचं, बर्लिनपासून. मी म्हणालो, सांगू. हे म्हणताना मी खुर्चीत बसलेलोच होतो, ही गोष्ट शिवकन्येनं नंतर माझ्या लक्षात आणून दिली. तर मामा, ओळंब्याबरोबर एक चौकटही बघा. अडीच फुटी पुरेल. कवाड मात्र आणू नका. मी विचारलं होतं, पण शिवम म्हणाला, कवाड बसवलं की तिथं कोणाला तरी उभं करावं लागतंय.